दोन चमचे करडईचं तेल

डॉक्टर लोकांशी माझं कधीच पटलं नाही. मी मंगळवेढ्याचा मल्लिनाथ तेली. चार पिढ्यांचा लाकडी घाणा आमचा, आता बैलाच्या जागी मोटर आली एवढंच. माझ्या उभ्या हयातीत ज्याला त्याला डॉक्टरांनी एकच सांगितलं, तेल कमी करा. चांगलं जुनं गिऱ्हाईक सोलापूरला जाऊन छाती तपासून यायचं आणि मग घाण्यासमोरून मान खाली घालून निघून जायचं, जसं काही मी त्याला इतकी वर्षं विष घालत होतो. म्हणून २०४३ सालच्या श्रावणात रुबीना शेख नावाची आहारतज्ज्ञ आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून माझ्या बायकोला म्हणाली की रोज दुपारी दोन मोठे चमचे तेल खायचंच, एक दिवसही चुकवायचं नाही, तेव्हा मला इतका आनंद झाला की ती बाई आमच्याकडे कशासाठी आली आहे हे मी क्षणभर विसरलो.

ती आली होती शांभवीसाठी. शांभवी आमची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची, सोलापूरला शाळेत गणित शिकवायची. तिच्या शरीराची स्वतःची राखण करणारी जी यंत्रणा असते, तिनं तिच्याच यकृताला परकं ठरवून कुरतडायला घेतलं होतं. दोन वर्षं औषधांवर निभावलं. मग यकृत आतून घट्ट होत गेलं, डोळे पिवळे झाले, पोटात पाणी धरू लागलं. सर्जननी आम्हाला समोर बसवून सांगितलं की चार महिने, फार तर पाच. मेलेल्या माणसाचं यकृत मिळण्याच्या यादीत नाव घातलंय, पण त्या भरवशावर राहू नका. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायला हवा.

माझा रक्तगट जुळला नाही. महानंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जुळला. ती तिथल्या तिथे पदर खोचून उभी राहिली, जणू आत्ताच टेबलावर झोपायचं आहे. पण तपासणीत निघालं की तिच्या यकृतात सत्तावीस टक्के चरबी आहे. रक्तात कोलेस्टेरॉलही वाढलेलं. आम्ही दोघंही चकित झालो, कारण महानंदा काही लठ्ठ नव्हती. रुबीना मॅडमनी तिला दिवसभराचं खाणं विचारलं तेव्हा मात्र सगळं बाहेर आलं. दोन्ही वेळा ताटभर भात, दिवसातून सहा कप गोड चहा, उरलेलं संपवायचं म्हणून खाल्लेलं आणखी काय काय. यकृताला गरजेपेक्षा जास्त साखर मिळाली की ते तिची चरबी करून आपल्याच पेशींत भरून ठेवतं, मग माणूस बाहेरून कसाही दिसो.

यकृताची गंमत अशी की त्याचा तुकडा कापला तरी दोन्हीकडचे तुकडे वाढून पुरे होतात. आईचा आईत, मुलीतला मुलीत. पण पेशी चरबीनं भरलेल्या असल्या तर ते वाढणं होत नाही, आणि एकाऐवजी दोन जीव जायची वेळ येते. दहा टक्क्यांच्या वर चरबी असलेलं यकृत आमचे सर्जन घेत नसत. आता ही चरबी नीट खाण्यानं काही आठवड्यांत उतरते हे जुनंच ज्ञान आहे. अडचण एवढीच होती की रोज किती उतरली हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग चार वर्षांपूर्वी निघाला. शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी एक चकती, उजव्या बरगडीखाली चिकटवायची. ती आत ध्वनिलहरी सोडते. चरबीतून जाताना आवाज मंदावतो, आणि परत आलेला आवाज किती मंद झाला त्यावरून टक्के निघतात, दर तासाला. यकृताला लागून असलेलं पित्ताशयही तिला दिसतं. सगळं मोबाईलवर येतं, रुग्णालयातही जातं, आणि उद्या ताटात काय कमी करायचं, काय वाढवायचं हे आज संध्याकाळी ठरतं.

या चकतीनं कितीतरी माणसं जगवली, ते नाकारून चालणार नाही. पण तिनं आणखी एक केलं. पूर्वी यकृत चालत नाही असं डॉक्टर म्हणाले की नातेवाईक डोळे पुसत घरी जायचे आणि कुणी त्यांना बोल लावत नसे. आता ज्याचा आकडा उतरत नाही त्याची माया कमी, असा सरळ हिशेब झाला. सोलापूरच्या त्या वॉर्डाबाहेर मी एक कुटुंब पाहिलं. धाकट्या भावाचा आकडा एका रात्रीत दीड टक्क्यानं चढला होता, कुणाच्या तरी लग्नात जेवला म्हणून. त्याची वहिनी त्याच्याकडे पाठ करून बसली होती आणि तो पन्नाशीचा माणूस हातातल्या मोबाईलकडे बघत रडत होता.

रुबीना मॅडम सोलापूरची, तिशीतली, बोलायला मोकळी. तिनं महानंदासाठी सत्तर दिवसांचं खाणं लिहून दिलं. भात बंद, साखर बंद. दोन्ही वेळा दीड भाकरी ज्वारीची, मोड आलेल्या मटकीची उसळ नाहीतर घट्ट वरण, पालेभाजी भरपूर, लोणी काढलेलं ताक. आणि दुपारच्या जेवणात दोन मोठे चमचे तेल, कच्चं, चटणीवर घालून, एकदम.

महानंदानं तेव्हा एकदाच विचारलं, “चरबी उतरवायला तेल खायचं?”

“काकू, तेल चरबी उतरवायला नाही, खडे होऊ नयेत म्हणून आहे,” रुबीना म्हणाली आणि हाताची मूठ करून दाखवू लागली. वजन भराभर उतरायला लागलं की यकृत साठलेलं कोलेस्टेरॉल पित्तात टाकतं. पित्त साठतं पित्ताशयाच्या पिशवीत. जेवणात स्निग्ध काही आलं तर ती पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. काही आलंच नाही तर ती सैल पडून राहते, आणि महिनोन्महिने न उपसलेल्या टाकीच्या तळाला जसा गाळ धरतो तसा तिच्यात गाळ धरतो. त्याचेच पुढे खडे होतात. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्यांना म्हणूनच खडे होतात, असं तिनं दोनदा सांगितलं. महानंदानं मान हलवली. ती मान हलवायची तेव्हा तिनं ऐकलेलं असायचं, पटलेलं असेलच असं नाही. तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळायला हवं होतं.

मी मात्र हवेत होतो. दुसऱ्याच दिवशी घाणा धुऊन पुसून काढला. आमच्या काळ्या रानातली निवडक करडई घेतली आणि मोटर अगदी हळू ठेवून एक घाणाभर तेल काढलं. आमच्या घरची रीत अशी की नव्या घाण्याचं पहिलं तेल देवाच्या दिव्याला जातं, मग माणसांना. माझ्या पणजोबांपासून ती कुणी मोडलेली नाही. मी मोडली. पहिलं तेल बाटलीत भरून महानंदाच्या हातात दिलं आणि म्हटलं, हे तुझं.

“पहिलं तेल देवाचं असतंय,” ती म्हणाली.

“देव काय पळून चाललाय? पोरगी उठली की त्याला डबाभर घालू.”

तिनं देवघराकडे एकदा बघितलं. बाटली घेतली आणि आत गेली. मला ते वाक्य अजून ऐकू येतं, माझंच.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी घाण्यावर जाण्याआधी मी बाटलीतलं दोन चमचे तेल मोजून एका स्टीलच्या वाटीत ओतायचो आणि वाटी ओट्यावर झाकून ठेवायचो. दुपारी मी डबा घाण्यावरच खात असे. महानंदा शांभवीला भरवून, तिला झोपवून, मग एकटी जेवायची. संध्याकाळी मी आलो की ती वाटी पुसून पालथी घातलेली असे. सात वाजता मोबाईल वाजायचा. आज दुपारी ठरलेलं तेल घेतलं का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. मी पालथ्या वाटीकडे बघायचो आणि हो दाबायचो.

आकडा उतरत गेला. पहिल्या पंधरवड्यात सत्तावीसचे तेवीस झाले, महिन्यानं अठरा. रोज संध्याकाळी शांभवी अंथरुणातून विचारायची आणि मी मोठ्यानं वाचून दाखवायचो. एका बाजूला ती पिवळी होत चालली होती, दुसऱ्या बाजूला आईचा आकडा खाली येत होता, आणि या दोन्हींपैकी कोण आधी पोचतं एवढंच आमच्या घरात उरलं होतं. महानंदाच्या गालांची हाडं दिसू लागली. रुबीना फोनवर म्हणाली की जरा जास्तच वेगानं चाललंय, अर्धी भाकरी वाढवा. मी वाढवायला सांगितली. महानंदा हो म्हणाली.

एकदा शांभवीनं मला जवळ बोलावलं. आईला हाक मारून पाणी मागायचीसुद्धा तिला आता लाज वाटत होती, असं ती म्हणाली. तिच्यामुळे आईचा घासन् घास मोजला जातो, शेजारणी आल्या तरी आधी आकडा विचारतात, आणि आई चुकून चहात साखर घालेल म्हणून आपणसुद्धा कपाकडे बघत राहतो. मी तिला म्हटलं, खुळी आहेस, आईला उलट हुरूप आलाय. आईला ती लहानपणापासून अव्वा म्हणायची.

“अप्पा, समजा आकडा नाही उतरला तर तुम्ही अव्वावर रागवाल?”

नाही म्हणालो. पण ते म्हणताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

नवव्या की दहाव्या दिवसापासून मोबाईलवर आणखी एक निरोप येऊ लागला होता. पित्ताशय आवळल्याची नोंद दिसत नाही, चकती दोन बोटं खाली सरकवा. मी सरकवली. परत तोच निरोप आला, तेव्हा एक बोट आत सरकवली. आकड्याच्या पानामागे एक दुसरं पान होतं. त्यावर पित्ताशयाची पिवळी रेघ असायची, ती सपाट होती. मला वाटलं सपाट म्हणजे शांत, म्हणजे चांगलंच. तरी रुबीनाला फोन लावला. तिनं विचारलं, काकू तेल घेतात ना नक्की? मी जरा दुखावलोच. म्हटलं, मॅडम, माझ्या घाण्याचं तेल आहे, माझ्या हातानं ओततो, वाटी रिकामी झालेली माझ्या डोळ्यांनी बघतो. मग ती म्हणाली की कधी कधी आतड्यातल्या वायूमुळे चकतीला पित्ताशय नीट दिसत नाही, सत्तराव्या दिवशी मोठी तपासणी आहेच. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. यंत्र मात्र रोज संध्याकाळी तेच विचारत राहिलं आणि मी रोज हो म्हणत राहिलो.

एक गोष्ट माझ्या नजरेत आली होती, तेही सांगतो. देवघरातली समई पूर्वी सकाळी घटकाभर जळायची. त्या दिवसांत मी संध्याकाळी घरी यायचो तरी ती तेवत असायची. मी महानंदाला म्हणालोसुद्धा, बघितलंस, लाकडी घाण्याचं तेल किती वेळ जळतं. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मला बरं वाटलं आणि मी हातपाय धुवायला गेलो.

साठाव्या दिवशी आकडा नऊ पूर्णांक चार झाला. मी तो तीनदा वाचला. शांभवीनं मोबाईल मागून स्वतः बघितला आणि डोळ्यांवर हात घेऊन पडून राहिली. रुबीनानं तासाभरात फोन केला, सर्जन पुढच्याच आठवड्यात करायचं म्हणतायत. महानंदा देवघरात जाऊन कितीतरी वेळ डोकं टेकून बसली होती. उठली तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा होता की मला आमच्या लग्नानंतरचे दिवस आठवले.

“उद्या दुपारी घाण्यावर डबा नेऊ नका,” ती मला म्हणाली. “आपण सगळी एकदम जेवू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही शांभवीच्या खाटेजवळच ताटं मांडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा महानंदा दुपारची माझ्यासमोर जेवायला बसली होती. भाकरी, शेंगाची चटणी, मेथीची भाजी. मी वाटी घेतली आणि चटणीवर तेल ओतलं. ती म्हणाली, घाला की अजून जरा. मी तिसरा चमचा घातला. ती चटणी तेलात कालवून, बोटं चाटून, अगदी चवीनं जेवली. शांभवीनंही दोन घास जास्त खाल्ले. आमच्या घरातलं ते शेवटचं सुखाचं जेवण, म्हणून मला त्यातला प्रत्येक पदार्थ आठवतो.

तासाभरानं महानंदा भांडी घासायला उठली आणि तिथेच वाकली. दुखणं उजव्या बरगडीखालून निघून पाठीत शिरत होतं. तिला उलट्या सुरू झाल्या. घाम इतका की पातळ अंगाला चिकटलं. रुग्णवाहिका यायला संध्याकाळ झाली. आत मी एका बाजूला महानंदाला धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूला शांभवीला, कारण तिला एकटीला घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं. सोलापूरच्या अलीकडे सात वाजले. मोबाईल वाजला, तेल घेतलं का. मी सवयीनं हो दाबलं.

रुग्णालयात तपासणी झाली. पित्ताशय गाळानं आणि रव्याएवढ्या खड्यांनी भरलेलं होतं. त्यातले काही नळीत उतरून अडकले होते, जिथं पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी एकत्र येते तिथंच. स्वादुपिंडाचा रस बाहेर पडू शकत नव्हता आणि त्या रसानं ते स्वतःच सुजून जळू लागलं होतं. सर्जननी मला बाजूला घेतलं. महानंदा वाचेल बहुतेक, पण सहा महिने तरी तिच्या यकृताला हात लावता येणार नाही. शांभवीकडे सहा महिने नाहीत हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

रुबीना दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं तिच्या पडद्यावर ती पिवळी रेघ काढली. साठ दिवस सपाट, आणि एकसष्टाव्या दिवशी दुपारी एक उंच टेकाड.

“काका, चकतीला सगळं दिसत होतं,” ती म्हणाली. “साठ दिवस ही पिशवी एकदाही आवळली नाही. काल पहिल्यांदा आवळली, आणि आत साठलेला सगळा गाळ पुढे ढकलला गेला. काकूंनी तेल खाल्लंच नव्हतं. मी तुम्हाला आणखी विचारायला पाहिजे होतं.”

मी शपथ घेतली. वाटीची, माझ्या हाताची, माझ्या मुलीची. ती माझ्याशी वाद घालत बसली नाही.

कपडे आणायला मी मंगळवेढ्याला आलो. घर उघडलं. शांभवीच्या खाटेजवळ ताटं तशीच पडली होती. देवघरात समई विझलेली होती, कारण तेल घालायला कुणी नव्हतं, आणि समईच्या मागे, भिंतीला टेकून, तसलीच एक स्टीलची वाटी ठेवलेली होती. काल ओट्यावरून मी जी घेतली ती दुसरी असणार, आमच्याकडे तसल्या सहा आहेत. ही वाटी आतून तेलकट होती आणि तिच्या काठाला वातीची काजळी लागलेली होती. मी खाली बसलो. देवाचं पहिलं तेल मी माणसाला दिलं होतं, आणि तिनं ते रोज दुपारी, दोन-दोन चमचे, ज्याचं त्याला परत केलं होतं. आकडा दहाच्या खाली येईपर्यंत तेल सोडलं असणार. बोललेला नवस कुणाला सांगायचा नसतो. आणि नवस बोलताना घरातली सर्वांत मोलाची वस्तू सोडायची असते, तेल्याच्या घरात ती कोणती हे काय वेगळं सांगायला हवं.

मला राग आला. खोटं कशाला सांगू. माझ्या बायकोच्या नाकात नळ्या होत्या आणि मला तिला धरून गदागदा हलवून विचारावंसं वाटत होतं की हे काय केलंस. ती वाटी पिशवीत घालून मी सोलापूरला परत गेलो, तिला दाखवायला.

शांभवीलाही तिथंच दाखल करून घेतलं होतं, ती खालच्या मजल्यावर होती. आधी तिच्याकडे गेलो. पिशवीतून टॉवेल काढताना वाटी खाली पडली. तिनं काजळी बघितली. समई कोणत्या खोलीत असते, आई कुठे जेवते, दुपारभर देवघरातून उजेड का यायचा, सगळी गणितं तिनं तिथल्या तिथे मांडली असावीत. ती मुळातच हुशार.

“अव्वाला माहितीय का, कशामुळं झालं ते?” तिनं विचारलं.

नाही, मी म्हणालो. तिला फक्त खडे झाले एवढंच सांगितलंय.

“मग तेवढंच राहू द्या. अप्पा, मी गेल्यावर तिला किती वर्षं काढायचीत. हे घेऊन ती कशी काढंल?”

मी म्हटलं, तू कुठं चाललीस, यादीत नाव आहे, मिळेल कुणाचं तरी. ती म्हणाली, आधी कबूल करा. मी कबूल केलं. वाटी तिनं आपल्या उशाखाली ठेवून घेतली.

यादीतून काही आलं नाही. रुग्णालयात आल्यापासून सव्विसाव्या दिवशी शांभवीला रक्ताची उलटी झाली. महानंदाला चाकांच्या खुर्चीवरून खाली आणलं, सलाईनच्या बाटलीसकट. तिनं मुलीचा हात धरला आणि डॉक्टरांना परत परत एकच सांगत राहिली, माझं आता नऊवर आलंय, घ्या की, माझं नऊवर आलंय. डॉक्टर तिच्या सलाईनची नळी नीट करत राहिले. दुपारी साडेतीनला शांभवी गेली.

पुढे महानंदाचं पित्ताशय काढून टाकलं. ती घरी आली, हळूहळू हिंडूफिरू लागली. नीट खाते. यकृत तिचं आता तालुक्यात कुणाचं नसेल इतकं स्वच्छ आहे. मी घाणा चालवतो. गिऱ्हाईक येतं, तेल मागतं, मी देतो आणि पूर्वीसारखं त्यावर भाषण देत नाही. तिनं समई परत लावली नव्हती. मीही कधी लाव म्हणालो नाही.

चैत्रात नवी करडई आली. मी पहिला घाणा लावला तेव्हा महानंदा स्वतःहून तिथं आली आणि पोत्यावर बसली. बराच वेळ तेलाची धार बघत राहिली. मग तिनं मोटर बंद करायला सांगितली.

“एक विचारू का? खरं सांगाल?”

मी मान हलवली.

“मी तेल सोडलं होतं. तुमाला सांगितलं न्हाय. दिव्याला घालत होते रोज.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “ते खाल्लं असतं तर शांभवी वाचली असती का?”

यंत्राला मी साठ वेळा हो म्हणालो होतो, नकळत. आता मला सगळं कळत होतं. रुबीनाची रेघ मी पाहिली होती, वाटीवरची काजळी पाहिली होती, आणि ज्या पोरीला शब्द दिला ती पोरगी राहिली नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “खड्यांचा आणि तेलाचा काही संबंध नव्हता. ते होणारच होतं. डॉक्टर म्हणाले तसं.”

तिनं धारेखालचं भांडं बाजूला केलं. मग रडली, चांगली मोठ्यानं, पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मग माझा नवस देवाला पोचला होता. आकडा तर उतरला होता. पोरीचंच नशीब नव्हतं.” आणि उठून तिनं ताज्या तेलाची वाटी भरली. “हे पहिलं तेल. चला, दिवा लावू.”

मी तिच्याबरोबर घरी गेलो. त्या देवघरात पाय ठेवायची मला इच्छा नव्हती. वाटी तिनं माझ्याच हातात दिली. तिनं समई घासूनपुसून ठेवली, वात वळली, आणि म्हणाली, घाला. मी घातलं. एक चमचा, मग दुसरा. तिनं हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर थोडी शांतता आली होती, आणि ती मी माझ्या खोटेपणानं दिली होती, आणि पुन्हा द्यावी लागली तरी देणार होतो.

सात वाजले होते. खिशातला मोबाईल वाजला. मी दचकलो, कारण तो निरोप ऑक्टोबरपासून आला नव्हता. रुग्णालयातल्या यंत्रानं महानंदाच्या नावापुढे सहा महिन्यांची विश्रांती लिहून ठेवली होती आणि ती आज संपली होती. दाता म्हणून तुमची तयारी पुन्हा सुरू होत आहे, असं त्यात लिहिलं होतं. कुणासाठी ते लिहिलं नव्हतं. खाली तोच जुना प्रश्न, आज दुपारी ठरलेलं तेल घेतलं का?

मी समईकडे बघितलं आणि पहिल्यांदाच नाही दाबलं.

पडद्यावर लगेच उत्तर आलं. हरकत नाही, उद्यापासून नक्की घ्या.